फीत वाचवायची तर आधी यंत्र बरं करा: जुने टेपरेकॉर्डर आणि व्हीसीआर दुरुस्त करण्याची रीत

कपाटाच्या तळातून जुना टेपरेकॉर्डर बाहेर निघाला की हात आपोआप एका ठरावीक कॅसेटकडे जातो. ज्या कॅसेटसाठी आपण तो शोधत होतो, तीच ‘चालतोय का बघू’ म्हणत पहिल्यांदा आत घातली जाते. तिथेच थांबा. ती कॅसेट उचला आणि दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा.

माझ्या हातून एक सी-१२०, म्हणजे दोन तासांची, कॅसेट अशीच गेली. डेकचं (कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राचं) टेक-अप रीळ, म्हणजे वाजलेली फीत गुंडाळून घेणारं चाक, फिरत नव्हतं; कॅपस्टन, म्हणजे फीत ओढणारा फिरता दांडा, मात्र ती पुढे ढकलत होता. काय झालं हे कळून मी बटण दाबेपर्यंत सुमारे दीड मीटर फीत पिंच रोलरभोवती, म्हणजे ती कॅपस्टनवर दाबून धरणाऱ्या रबरी चाकाभोवती, आवळली गेली. दीड मीटर म्हणजे अर्ध्या मिनिटाचं बोलणं. सोडवून, सरळ करून ती पुन्हा वाजवली, पण त्या जागी फक्त खरखर उरली होती. यंत्र दुसरं मिळू शकतं. त्या फितीची दुसरी प्रत कुठेच नव्हती. म्हणून पुढचं सगळं काम एका क्रमाने सांगतो आहे: आधी यंत्र, मग चाचणीची फीत आणि अगदी शेवटी खरी फीत.

घाईही आहेच. व्हीएचएस ही घरगुती व्हिडिओ कॅसेट १९७६ मध्ये आली आणि व्हीसीआरचं उत्पादन जुलै २०१६ मध्ये कायमचं थांबलं. म्हणजे नव्यातला नवा व्हीसीआरसुद्धा आता जुनाच. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच ‘डेडलाइन २०२५’ या नावाने इशारा दिला होता की चुंबकीय फिती वाचवण्याची मुदत संपत आली आहे. फिती खराब होतात हे त्याचं अर्धं कारण. उरलेलं अर्धं म्हणजे त्या वाजवणारी धड यंत्रं, सुटे भाग आणि दुरुस्ती जाणणारे हात संपत चालले आहेत.

वीज देण्याआधी

यंत्र प्लगला लावू नका. झाकण उघडा, चांगल्या उजेडात बघा आणि वास घ्या. माशासारखा उग्र वास येत असेल तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळलेत असं समजा. जळकट वास, सर्किट बोर्डावर तपकिरी डाग, कपॅसिटरचं फुगलेलं डोकं, बॅटरीच्या कप्प्यात साचलेली पांढरी-हिरवी पूड हे सगळं वीज देण्याआधीच दिसतं. उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. स्क्रू लांबीनुसार वेगळे ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर खालचा बोर्ड फोडतो.

इथे एक गोष्ट जिवावरची आहे. व्हीसीआरच्या आणि काही डेकच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूला एक मोठा कपॅसिटर असतो. २३० व्होल्टच्या विजेवर त्यात ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही तो टिकून राहू शकतो. मल्टिमीटरने मोजा. दाब असेल तर एक-दोन किलोओहमचा, काही वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड प्रोबला लावून सावकाश उतरवा आणि पुन्हा मोजा. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची सवय काहींना असते, ती लावून घेऊ नका. हे करण्याची खात्री वाटत नसेल तर पॉवर सप्लायला हात न लावता फक्त यांत्रिक भागाचं काम करा. बहुतेक बिघाड तिथेच असतात.

ट्रान्सफॉर्मर असलेल्या जुन्या यंत्राला पहिल्यांदा वीज देताना ६० किंवा १०० वॅटचा फिलामेंटचा दिवा सिरीजमध्ये, म्हणजे वीज दिव्यातून होऊनच यंत्राला मिळेल असा, लावा. दिवा क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लखलखीत पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. कपॅसिटर बदलायचे झाले तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टचे आणि १०५ अंशांचे घ्या. अंगावरची पट्टी म्हणजे ऋण टोक. तो उलटा बसला तर फुटतो.

बेल्ट

‘मोटरचा आवाज येतो पण काहीच फिरत नाही’ या तक्रारीमागे दहात आठ वेळा बेल्ट असतो. रबराचा बेल्ट वर्षानुवर्षं ताणलेला राहून सैल पडतो किंवा डांबरासारखा वितळून पुलीला चिकटतो. हे वितळलेलं रबर कपड्याला लागलं तर निघत नाही, म्हणून हातमोजे घाला. मोठे गोळे लाकडी काडीने खरवडा, उरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्यांनी पुसा. पुलीच्या खाचेत राहिलेला एक कणसुद्धा प्रत्येक फेऱ्याला धक्का देतो आणि तो धक्का आवाजात ऐकू येतो. मी फ्लायव्हील, म्हणजे कॅपस्टनला जोडलेलं जड चाक, सुटं करून पुसतो. वेळ जातो, पण एकदाच.

नवीन बेल्टचं माप घेताना जुना बेल्ट अखंड असेल तर तो चपटा करून लांबी मोजा, दुप्पट करा आणि ताणलेला म्हणून सुमारे ५ टक्के वजा करा. बेल्ट वितळून गेला असेल तर सगळ्या पुलींभोवती दोरा फिरवा, त्याची लांबी मोजा आणि ५ ते ७ टक्के कमी करा. आकारही महत्त्वाचा आहे. कॅपस्टनचा बेल्ट बहुधा चपटा असतो, इतर कामांचे चौकोनी. चपट्याच्या जागी चौकोनी बसवला तर वेग डळमळतो. फार घट्ट बेल्ट मोटरच्या बुशांवर ताण आणतो. वह्या बांधायचे रबरबँड तर दोन दिवसांचीही सोय नाहीत. त्यांची जाडी सगळीकडे सारखी नसते, आणि गाणारा माणूस थंडीने कुडकुडत असल्यासारखा ऐकू येतो.

बेल्टबरोबरच आयडलर बघा. रिळं फिरवणाऱ्या या छोट्या चाकावर रबराची कडी असते. ती गुळगुळीत आणि कडक झाली की टेक-अप रीळ घसरतं, आणि मग माझ्या सी-१२०चं झालं तेच होतं. शक्यतो कडी बदलाच. तोवर बारीक पॉलिश पेपरने तिचा चकचकीत थर हलकाच उतरवला तर काही दिवस पकड येते.

हेड, कॅपस्टन, पिंच रोलर

इथे ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. औषधाच्या दुकानातल्या पातळ अल्कोहोलमध्ये पाणी बरंच असतं, काहींत तेल किंवा सुगंधही मिसळलेला असतो. ऑडिओ हेड, इरेज हेड आणि कॅपस्टनचा पोलादी दांडा यांवर कापसाची ओली काडी फिरवा. काडीवर तपकिरी रंग येणं थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. कॅपस्टनवर फितीच्या भुकटीचा एक टणक कडा जमतो. तो नखाने खरवडू नका, दोनदा अल्कोहोल लावून मऊ होऊ द्या. पिंच रोलरसाठी मी अल्कोहोल टाळतो, कारण ते रबर कोरडं करतं. भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब घातलेल्या कोमट पाण्याने पुसून मग साध्या पाण्याने पुसतो. रोलरला भेगा असतील किंवा मधोमध खळगा पडला असेल तर सफाईने तो बरा होत नाही, बदलावाच लागतो.

वंगणाचा हात आवरता ठेवा. पितळी बुशांना बारीक मशीन ऑइलचा एकच थेंब, प्लास्टिकच्या गिअरांना प्लास्टिकला चालणारं सिंथेटिक ग्रीस, तेही जुनं वाळलेलं ग्रीस पूर्ण काढल्यावर. सर्वांच्या घरात असतो तो गंज सोडवायचा स्प्रे इथे आणू नका. तो रबर, बेल्ट आणि बुश सगळीकडे पसरतो.

हेडला कालांतराने चुंबकत्व चढतं आणि खुसखुस वाढते. डिमॅग्नेटायझर वापरताना डेक बंद असावा आणि आजूबाजूला एकही कॅसेट नसावी. उपकरण हेडपासून मीटरभर लांब धरून चालू करा, हळूहळू जवळ आणा, फिरवा, तितक्याच सावकाश लांब न्या आणि मीटरभर दूर गेल्यावरच बंद करा. हेडजवळ असताना बंद केलं तर होतं त्याहून जास्त चुंबकत्व मागे राहतं.

वेग आणि अझिमथ

कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. ३००० हर्ट्झचा सूर भरलेली टेस्ट कॅसेट वाजवा आणि फोनवरच्या फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या ॲपमध्ये आकडा बघा. ३० हर्ट्झचा फरक म्हणजे १ टक्का. डेक अर्धा तास चालवून गरम झाल्यावरच मोजा, थंड यंत्राचा आकडा फसवतो. वेगाचा स्क्रू बऱ्याचदा मोटरच्या पाठीवरच्या भोकात असतो. बदलण्याआधी त्याची मूळ जागा टिपून ठेवा.

अझिमथ समजून घेणं मात्र सगळ्यात जास्त मोलाचं आहे, आणि बहुतेक लोक तेच सोडून देतात. हेडमधली बारीक उभी फट फितीच्या प्रवासाला अगदी काटकोनात असावी लागते. कोन किंचित ढळला की वरचे सूर गळतात आणि आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा दबका होतो. लोकांना वाटतं कॅसेट जुनी झाली. खरं तर सूर फितीवर शाबूत असतात, हेड ते वाचत नसतं.

हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला स्क्रू असतो. मूळ जागेची खूण करा. स्टिरिओचे दोन्ही चॅनेल मोनोमध्ये एकत्र करून हेडफोनवर ऐका आणि स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहूनही कमी फिरवा. झांजा, श्वास, ‘स’चा उच्चार सर्वांत लख्ख ऐकू येतो ती जागा बरोबर. मोनोत ऐकायचं कारण असं की कोन चुकलेला असताना दोन्ही चॅनेल एकमेकांचे वरचे सूर खोडतात आणि चूक स्पष्ट कळते. डॉल्बी, म्हणजे खरखर कमी करणारी सोय, या वेळी बंद ठेवा.

आता खरी मेख. प्रत्येक रेकॉर्डिंग ज्या डेकवर झालं, त्या डेकच्या हेडच्या कोनाचं असतं. घरच्या स्वस्त रेकॉर्डरवर भरलेली कॅसेट टेस्ट टेपला तंतोतंत जुळवलेल्या डेकवरही दबकी वाजू शकते. म्हणून उतरवताना त्या कॅसेटपुरता कोन जुळवा आणि काम झाल्यावर स्क्रू खुणेवर परत आणा. शेवटी नेलपॉलिशचा थेंब लावून तो पक्का करा. एवढ्या एका स्क्रूने मी कॅसेटमधून वाया गेलेले वाटणारे आवाज परत येताना ऐकले आहेत, आणि दर वेळी अंगावर काटा येतो.

व्हीसीआरची गोष्ट वेगळी

व्हीसीआरमध्ये फीत सावकाश सरकते आणि हेडं गरागरा फिरतात. व्हीएचएसचा ड्रम ६२ मिलिमीटर व्यासाचा. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत तो मिनिटाला १५०० फेरे घेतो, म्हणजे हेड फितीवरून सेकंदाला जवळजवळ ५ मीटर वेगाने घासत जातं. ही हेडं फेराइटची, नखाच्या कडेपेक्षा बारीक आणि काचेसारखी ठिसूळ असतात.

म्हणून व्हिडिओ हेडला कापसाची काडी लावायची नाही, कधीच नाही. तिचा धागा हेडच्या टोकाला अडकतो आणि टोक उडतं. साबर कातड्याची काडी घ्या, नसेल तर छपाईच्या साध्या कोऱ्या कागदाची घडी. ती अल्कोहोलने ओली करून ड्रमला टेकवून स्थिर धरा आणि यंत्र बंद असताना दुसऱ्या हाताने ड्रमचा वरचा भाग सावकाश फिरवा. काडी हलवायची नाही, ड्रम फिरवायचा. वर-खाली पुसायचं नाही, दाबायचं नाही. काळी रेघ आली की जागा बदला. मग दहा मिनिटं वाळू द्या. ओल्या ड्रमला फीत चिकटून बसते. पडद्यावरच्या मुंग्या बहुतेक वेळा यानेच जातात. बाजारातली कोरडी सफाई कॅसेट हेड घासूनच साफ करते, त्यामुळे तिची सवय ठेवू नका.

व्हीसीआर कॅसेट आत घेतो आणि दोन-तीन सेकंदांत थांबतो किंवा बाहेर टाकतो, तेव्हा तो बिघडलेला नसून सावध असतो. टेक-अप रीळ फिरत नसल्याचं सेन्सरने सांगितलं की तो फीत वाचवण्यासाठी थांबतो. बेल्ट आणि आयडलर तपासा. फीत अर्धवट गुंडाळून यंत्र गोंधळत असेल तर मोड स्विच बघा. यंत्रणा कुठल्या टप्प्यावर आहे हे सांगणारा हा छोटा फिरता स्विच आतून काळा पडतो, उघडून साफ केला की अनेक ‘मेलेले’ व्हीसीआर चालायला लागतात. एक गंमतीची वाटणारी पण रात्रभर छळणारी गोष्ट सांगतो: फितीचं टोक ओळखणारे सेन्सर उजेडावर चालतात. झाकण काढून प्रखर दिव्याखाली यंत्र चालवलं तर ते फीत संपली समजून थांबतं. आधी दिवा वळवा, मग बिघाड शोधा.

ड्रमच्या दोन्ही बाजूंच्या गाइड खांबांना हात लावू नका. त्यांची उंची कारखान्यात मायक्रॉनच्या हिशोबाने लावलेली असते. चित्र तळाशी फाटत असेल तर आधी ट्रॅकिंग, मग सफाई, मग दुसरी कॅसेट, एवढं करून बघा.

फितीची तपासणी

यंत्रावर आता एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट पूर्ण वाजवा, पुढे-मागे पळवा आणि फितीच्या कडा बघा. कडा दुमडत असतील तर खरी फीत अजून आणायची नाही.

खरी फीत हातात घेतल्यावर पहिलं काम म्हणजे पुसली जाण्यापासून तिला वाचवणं. ऑडिओ कॅसेटच्या वरच्या कडेवरच्या दोन्ही जिभा आणि व्हीएचएसच्या पाठीवरची जीभ तोडा. मिनी-डीव्ही आणि ८ मिलिमीटर या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेटवर सरकणारी खिटी असते.

खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरट जाळं किंवा भुकटी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा, एन-९५ मास्क घाला आणि चांगल्या यंत्रात टाकू नका. तिची बुरशी हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आधी कोरड्या हवेत ठेवा. बुरशी सुकून निष्क्रिय झाली की हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने आणि मऊ फडक्याने रिळाच्या कडा पुसता येतात.

ऑडिओ कॅसेटची फेल्टची गादी गळून पडली असेल किंवा कवच वाकलं असेल तर फीत पाच स्क्रूंच्या दुसऱ्या कवचात हलवा. स्क्रू नसलेलं, वेल्ड केलेलं कवच सांध्यावरून हळूच फोडावं लागतं. तुटलेली फीत ४५ अंशांत कापून, फितीच्या पाठीला, स्प्लायसिंग टेपनेच जोडा. साध्या चिकटपट्टीचा गोंद पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. व्हीएचएसचा जोड फिरत्या हेडवरून जाऊ देऊ नये. दोन्ही तुकडे वेगवेगळ्या कवचांत घालून उतरवणं सुरक्षित.

१९७०-८०च्या दशकातल्या काही रीळ-टेपा वाजवताना किंचाळतात आणि हेडवर चिकट राळ सोडतात. त्यांच्या पॉलियुरेथेन बाइंडरने हवेतला ओलावा शोषलेला असतो. लगेच थांबवा. अशा टेपा ५० ते ५४ अंश सेल्सियसला काही तास शेकतात, पाव इंची टेप साधारण ८ तास, आणि मग काही आठवडे त्या वाजवता येतात. घरच्या ओव्हनचं तापमान फार हेलकावतं, त्यामुळे तो चालत नाही, मायक्रोवेव्ह तर मुळीच नाही. आणि ॲसिटेटची टेप कधीच शेकायची नाही. रीळ उजेडासमोर आडवं धरा: कडेतून उजेड आरपार आला तर ॲसिटेट. तिला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला असेल तर रांगेत तिचा नंबर पहिला.

पहिलं वाजवणं हेच उतरवणं

नाजूक फीत एकदाच वाजेल असं धरून चाला. म्हणजे ‘ऐकून बघू, मग रेकॉर्ड करू’ नाही. संगणक तयार, पातळी जुळवलेली, जागा मोकळी, मग फीत. आधी एकदा टोकापर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळली की आवळलेले वेढे मोकळे होतात. सी-६०ची फीत सुमारे १८ मायक्रॉन जाड, सी-९०ची १२, सी-१२०ची ९. पातळ फितींना जलद पळवणं टाळा.

आवाजासाठी ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही. स्टिरिओच्या एका तासाला सुमारे २ जीबी लागतात. मूळ फाइलमधून खरखर काढू नका, ते काम प्रतीवर करा. डॉल्बी लावून रेकॉर्ड केलेली कॅसेट डॉल्बी लावूनच वाजवा, पण अझिमथ जुळल्यानंतर.

व्हीएचएससाठी एस-व्हिडिओ असेल तर ते वापरा, आणि टाइम बेस करेक्टर मिळाला तर थरथरतं चित्र स्थिर होतं. फाइल एमकेव्हीत एफएफव्ही-१ सारख्या नुकसान न करणाऱ्या पद्धतीत ठेवा, चित्र इंटरलेस्ड (एकाआड एक रेघांच्या दोन भागांत) असेल तर तसंच राहू द्या. मिनी-डीव्ही मुळातच डिजिटल असते. तिला कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या फायरवायर केबलनेच उतरवा, तासाला साधारण १३ जीबी. तिचा ॲनालॉग आउटपुट पुन्हा रेकॉर्ड करणं म्हणजे मूळ आकडे फेकून देणं. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक वेगळ्या पत्त्यावर, आणि प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल बदलली नाही हे तपासायचा आकडा, सोबत.

परत ठेवताना

उतरवून झालेली फीत फेकू नका. शेवटपर्यंत नेहमीच्या वेगाने वाजू देऊन सलग गुंडाळा, डबीत उभी ठेवा. १५ ते २० अंश तापमान, ३० ते ४० टक्के आर्द्रता, स्पीकरपासून दूर. आकड्यांपेक्षा चढउतार टाळणं जास्त महत्त्वाचं, म्हणून माळा आणि बाहेरच्या भिंतीचं कपाट नको.

यंत्र ठेवताना प्ले किंवा पॉजचं बटण दाबलेलं राहू देऊ नका, पिंच रोलरला एका जागी कायमचा चपटेपणा येतो. दोन महिन्यांतून एकदा अर्धा तास चालवा. आणि झाकण बंद करण्याआधी आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: बेल्टची मापं, बदललेले कपॅसिटर, अझिमथची मूळ खूण कुठे आहे, कुठला स्क्रू लांब आहे आणि तारीख. पुढच्या वेळी झाकण उघडणारा माणूस तुम्ही नसालही.